चीजची अख्खी वडी

वन्सं,

तुमचा भाऊ फरशीवर पाय घसरून पडला, असं मी सगळ्यांना सांगितलं. हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून खरं लिहिते.

हॉटेलातला आचारी, घरी मात्र हुकूम सोडणार. काल ग्रीक सॅलड हवं होतं, तिथल्या खेड्यातलं. टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह आणि वर चीजची अख्खी वडी. "वडी मोडलीस तर याद राख!" त्यानंच पिरगाळलेली माझी बोटं अजून नीट वळत नाहीत. वडी हातातून निसटली, दोन तुकडे झाले.

त्यानं केस धरून माझं तोंड वाडग्यात दाबलं. "गीळ आता!"

चाचपडताना हाताला तेलाचा भरलेला डबा लागला. तो मी त्याच्या जबड्यावर हाणला. तो खाली पडल्यावर पुन्हा हाणला. दुसऱ्यांदा गरज नव्हती, वन्सं.

मग उरलेली वडी मी पार चुरली, त्याच्या शेजारी बसून वाडगं चाटूनपुसून खाल्लं आणि मगच अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

डॉक्टर म्हणाले, जबडा तारेनं आवळलाय. महिनाभर त्याला अख्खं काही चालणार नाही.

अजून तरी तुमची,
वहिनी