दांडीला न आलेलं वादळ

दांडी, तारापूरजवळ
शनिवार, ८ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप मंजुळाआत्यांच्या चरणी,

जमुनाचा इकडून वाकून नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना उतार पडला असेल, मामांचा खोकला गेला असेल आणि टाकळीच्या भजनी मंडळातल्या सर्व भगिनी सुखरूप असतील, अशी आशा करते. माझी तब्येत उत्तम आहे. (उत्तम हा शब्द विचार करून लिहिला आहे. डाव्या पायात शिंपला घुसला होता, पण आता जखम भरली आहे, तेव्हा हरकत नसावी.)

मंडळाने पाठवलेली मदत पोचली. तिच्याबद्दल आभार कसे मानावे ते कळत नाही आणि ती परत कशी करावी तेही कळत नाही, कारण आत्या, इथे वादळ झालेलं नाही. आणि होईल असं चिन्हही नाही. पावसाळ्यात वारा असतो, कौलं खडखडतात, पण तेव्हा होड्या आधीच वर ओढून ठेवलेल्या असतात. बाकी दसऱ्यापासून पुढे नुसतं ऊन. सकाळी ते बोईसरच्या बाजूने येतं, दिवसभर किनाऱ्यावर पसरतं आणि संध्याकाळी कुणालाही त्रास न देता समुद्रात उतरतं. या उन्हावरच इथला संसार चालतो. बायका दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्यांना बांबूंवर टांगतात, आणि अख्खा किनारा वाळत घातलेल्या कपड्यांसारखा दिसतो. (वासाची सवय होते. मला झाली आहे, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.) तुम्ही वादळासाठी म्हणून दिलेली मोठी छत्री मी शाळेत जाताना उन्हासाठी उघडते, तेव्हा मुलं रांगेने तिच्या सावलीत चालतात.

मग हे सगळं झालं कसं, ते सांगते. चौथीपर्यंत तुम्हीच मला घरी शिकवलंत आणि जे घडलं ते जसंच्या तसं लिहावं असं बजावलंत. वादळ झालं की लगेच कळव, असंही प्रत्येक पत्रात बजावत होतात. इथे शाळेवर नेमणूक होऊन आल्यापासून दीड वर्ष कळवण्यासारखं काहीच होईना, त्याची मला टोचणी लागली होती. म्हणून दिवाळीनंतर वारा सुटला तेव्हा मी लिहिलं, की घरमालकीण हिरामावशींच्या खुराड्यावरचा पत्रा उडाला, कोंबड्या सुखरूप आहेत. तुम्ही ते मंडळात वाचून दाखवलंत. पुढे ते पत्र हातोहात फिरताना खुराडं कुठे गळालं आणि घराचं छप्पर केव्हा उडालं, ते मी इथून कसं सांगणार? पण बोईसरच्या स्टँडवर मी उतरवून घेतल्या त्या सहा गोधड्या, ज्वारीचं पोतं, गूळ, लुगडी, कंदील आणि एक लांबलचक दोर. (दोर कशासाठी, ते चिठ्ठीत नव्हतं. मला खांबाला बांधून घेण्यासाठी असावा.) सगळ्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं, "दांडीच्या वादळग्रस्त भगिनींस". टेम्पोवाल्याने ते वाचलं, वर आकाशाकडे पाहिलं आणि विचारलं, "म्याडम, तूफान किधर आया?" मी त्याला खुराड्याबद्दल सांगितलं. मग मुक्कामापर्यंत तो आरशातून माझ्याकडेच बघत राहिला.

सामान उतरेपर्यंत अर्धं गाव जमलं. हिरामावशी म्हणाल्या, "वादळ कवा आला गो? आमी काय निजलेलो?" त्यांचे यजमान कमलाकांतकाका खरोखरच किनाऱ्यावर जाऊन सगळ्या होड्या आहेत ना, ते बघून आले. तेव्हापासून मी शाळेला निघाले की कुणी ना कुणी हाक मारतं, "काय वादळग्रस्त बाई, बऱ्या हाव ना?" मी रोज थांबून, बरी आहे, असं सांगते. त्यावर सगळे हसतात. पण हसतात ते प्रेमाने, याची मला जवळजवळ खात्री आहे.

आता माझी खरी काळजी. ज्वारी परत पाठवावी तर मंडळात तुम्ही खोट्या ठरता, आणि ठेवावी तर आम्ही खोट्या ठरतो. मी या विचारात असताना हिरामावशींनी सरळ पोतं सोडलं आणि गावात ज्वारी वाटून टाकली. मग मला विचारलं, "तिकडं काय कमी हाय? भांडा रिता परत करायचा नसतो." मी खरं ते सांगितलं, की यंदा आमच्याकडे पाऊस नाही, विहिरी आटल्या, टँकर एक दिवसाआड येतो. मावशींनी कपाळाला हात लावला. "अगो बाय! त्या उपाशी बायांनी आमाला ज्वारी धाडली?" संध्याकाळपर्यंत घराघरातून ओंजळ-ओंजळ करत तुमचं पोतं सुक्या बोंबलांनी भरलं. मंडळातल्या सगळ्या माळकरी आहेत, हे मी दोनदा सांगितलं. "मग माळ खुंटीला ठेवायची. पोट भरला का परत घालायची," असा तोडगा त्यांनी काढला. मी काही बोलणार होते, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. घरच्या सणासाठी राखून ठेवतात ते मोठे बोंबील त्यांनी वर रचले होते.

तरी तुम्ही निर्धास्त असा. पोतं मी माझ्या खोलीत ठेवून घेतलं आहे. मेच्या सुट्टीत येताना बघू, असं सांगून वेळ मारून नेली आहे. मावशींचं मन दुखवायचं नाही आणि तुमच्या मंडळाला अवघडवायचं नाही, एवढंच मला साधायचं आहे, आणि ते साधलं असं वाटतं. बाकी इथे सर्व सुखाचं आहे. बदलीसाठी अर्ज करायचा विचार मी सोडून दिला आहे. मामांना नमस्कार, धाकट्या बन्सीला माझ्याकडून एक गालगुच्चा.

तुमची भाची,
जमुना

ता. क. पत्र पाकिटात घालत होते, तेवढ्यात कमलाकांतकाका पोतं उचलून घेऊन गेले. उपाशी माणसांना मेपर्यंत थांबवणारी बाई शिकलेली कशी, असं हिरामावशी शेजारी विचारत होत्या.

ता. क. २. पोतं एकटं येणार नाही. वाटेत कुणीतरी भुकेला ते पळवेल म्हणून काका-मावशी दोघंही सोबत निघणार आहेत. पुढच्या आठवड्यात भांग आहे, म्हणजे भरतीचा जोर ओसरतो आणि होड्या किनाऱ्यालाच राहतात. तेव्हा कल्याणहून नगरच्या गाडीने ते टाकळीला उतरतील. बरोबर पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन आहेत, तेही तुमच्यासाठी. मला शाळेमुळे येता येणार नाही. आत्या, माझी एकच विनंती आहे. मंडळातल्या सगळ्यांनी स्टँडवर यावं, पोतं दोन्ही हातांनी घ्यावं आणि नाकाला पदर लावू नये. पाणी त्यांच्यासमोरच प्यावं. ते इथून फार जपून निघणार आहे.

ता. क. ३. बोंबलांचं पुढे काय केलंत, ते मात्र मला कधीही कळवू नका. मावशी विचारतील, आणि मला खरं सांगावं लागेल.