मध्यम उत्पन्नाचे पडदे

३ मार्च
पेपरात आलंय, आपला देश गरिबांतून निघून मध्यम उत्पन्नवाल्यांत गेला. ऊर भरून आला. आमच्या उपचार केंद्रात सगळ्यांना बिस्किटं वाटली. नर्स म्हणाली, ताई, मग परदेशी मदतीचं काय? वाकड्या पायांच्या आपल्या बाळांचं प्लास्टर, नंतरचे बूट, सगळं त्यांचंच. मी हसले. इतक्या वर्षांचं नातं, असं कुणी सोडून जातं का?

१० मार्च
मदत देणाऱ्या संस्थेची परदेशी बाई पाहणीला येणार. दर वर्षी नर्स आधी चांगल्या खुर्च्या कोठीत कोंबते, भिंतीचे पोपडे तसेच ठेवते. यंदा चालायचं नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, पाहुण्यांसमोर नीटनेटकं असावं. किती मायाळू! छडीसुद्धा हळू मारायच्या.

१७ मार्च
रंग झाला. नवे पडदे लागले. घरचा सोफा, फ्रिज केंद्रात हलवला. हे म्हणाले, मलाही ने, कोपऱ्यात शोभेन. नर्स पुटपुटली, ताई, थोडं तरी गरीब दिसू द्या हो. तिला स्वाभिमान शिकवायला हवा. उद्यापासून.

२४ मार्च, दुपार
बाई खूश! माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. सोफ्यावर फोटो. मग म्हणाली, इथे आता आमची गरज उरली नाही, अभिमान वाटतो. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. नर्सनं नाही. दमली असेल. परदेशी लोकांची बोलायची रीतच असते अशी.

९ एप्रिल
बुटांचा खोका आला नाही. पोस्टाचा घोळ. रिक्षावाल्याच्या मुलीचं शेवटचं प्लास्टर काढलं. पाऊल अगदी सरळ! नर्स म्हणाली, बूट नाही घातले तर पुन्हा वळणार. तिला प्रत्येक गोष्टीत वाईटच दिसतं. पोरीच्या आईला सांगितलं, बुटांसाठी सोमवारी ये.

२८ एप्रिल
बुटांसाठी सरकारी कचेरीत गेले. साहेब म्हणाले, मॅडम, परदेशी बाईंनी तुमचं इतकं छान लिहिलंय, आम्ही गरजू केंद्रांना आधी देऊ ना. मान दिला त्यांनी. चहाही.

११ मे
नर्स दुसरीकडे लागली. जाताना रडली. मी नाही.

१९ मे
रिक्षावाल्याची बायको पोरीला घेऊन आली. डावं पाऊल आत वळलंय. ते हातात धरून बसले. पोर हसत होती, तिला गुदगुल्या होत होत्या. आईनं विचारलं, ताई, सोमवारी येऊ का परत?
हो म्हटलं.