पॅकार्डची मागची सीट

सोमवार, ३ ऑक्टोबर २००५

आणलीच. ट्रकवर घालून आणली — म्हणजे गाडीला आणायला गाडी. सोसायटीच्या फाटकात अडकली ती दुपारपर्यंत अडकूनच. निम्मं कर्वेनगर बघायला. आयुष घाम गाळत हातवारे करतोय, चेहरा मात्र नवरदेवाचा.

मला म्हणाला होता, आजी, तुझ्यासाठी सरप्राइज आहे. मला वाटलं मिक्सर.

ताडपत्री ओढली तसा आधी नाकावरचा पक्षी दिसला. मान वाकडी, पंख मागे. त्या पक्ष्याला मी कुठंही ओळखीन. पुढं बघायची गरजच नव्हती.

ह्यांच्या मालकांची, आप्पासाहेबांची पॅकार्ड. ह्यांनी आयुष्यभर चालवली ती. अमेरिकेची, लांबच लांब, पुण्यात तशी दुसरी नव्हती म्हणायचे. आता माझ्या नातवानं विकत घेतली. कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं होतं, तिथं साठवलेलं सगळं हिच्यात घातलं.

"आजोबांची गाडी आता आपली, आजी."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. हसले. दाढ दुखतेय असं वाटलं असेल लोकांना.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

लिहून ठेवते, नाहीतर काय सांगितलंय ते मीच विसरेन. या सोसायटीत राहायला आलो तेव्हा समोरच्या यमुनाबाईंनी विचारलं, मिस्टर कुठे होते? म्हटलं, कंपनीत. इंजिनिअर. तोंडातून गेलं ते गेलं. तेव्हापासून ते इंजिनिअरच. मेलेल्या माणसाची बढती कोण तपासतं?

आता त्यांची खरी नोकरी खाली पार्किंगमध्ये येऊन उभी राहिलीय.

शनिवार, ८ ऑक्टोबर

गाडी चालत नाही. पेट्रोल ओतलं की खालून गळतं. बॅटरी नवी घातली तरी घरघर करून गप्प, आजाऱ्यासारखी. कसला तरी पंप हवाय, तो इथं मिळत नाही, अमेरिकेहून टपालानं येणार. टायर मुंबईत कुणा पारशाकडे आहेत म्हणे, तो फोन उचलत नाही. आयुष ऑफिसातून आला की जेवायच्या आधी गाडीखाली जातो. नुसते पाय दिसतात. चैताली, म्हणजे नातसून, त्या पायांशी संसार करते.

"आयुष, मूव्हीला जाणार होतो ना आपण?"

खालून आवाज — "कार्ब्युरेटर उघडलाय गं."

मला म्हणाली, "आजी, तुम्ही तरी सांगा ना त्याला. इट्स सो इम्प्रॅक्टिकल." मी म्हणणार होते, याच्या आजालाही हिचंच वेड होतं. गिळलं.

यमुनाबाईंचे मिस्टर बद्रीनाथ सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी जिन्यात पाटी लावली — "ज्यांचे वाहन त्यांच्या सदनिकेपेक्षा लांब आहे त्यांनी कार्यालयात भेटावे." नाव लिहिलं नाही. तेवढी सभ्यता आहे.

बुधवार, १२ ऑक्टोबर

दसरा. यमुनाबाई नारळ घेऊन पार्किंगमध्ये हजर. "चंपाताई, एवढी मोठी गाडी, पूजा नाही केलीत?"

म्हटलं, आमच्यात नाही करत.

"अस्सं. मग तुमच्यात काय करतात?"

म्हटलं, पेट्रोल घालतात.

गेली. पण जाता जाता आयुषला विचारून गेली, "ही गाडी तुझ्या आजोबांना कंपनीनं दिली होती का रे?" तो म्हणाला, "नाही हो काकू, आजोबा ही —" मी मध्येच ओरडले, दूध उतू जातंय, वर ये. दूध फ्रिजमध्ये होतं.

रविवार, १६ ऑक्टोबर

आप्पासाहेबांची नात पूर्णिमा आली होती. गाडी तिनंच विकली. बंगलाही पाडला, तिथं आता काचेची इमारत उठतेय. पोरगी साधी आहे. पाया पडायला वाकली, मी पाय मागं घेतले.

आयुषनं तिला विचारलं, सगळी गाडी जशीच्या तशी आहे, मागची सीटच वेगळी का? पुढं लोण्याच्या रंगाचं चामडं आणि मागं हे मरून रेक्झिन. डिसेंबरात जुन्या गाड्यांची रॅली आहे, सीटसाठी मार्क जातील.

ती म्हणाली, "आजोबा सांगायचे, उंदरांनी कुरतडली होती. ते मुंबईला गेले होते, तेव्हा तुमच्या आजोबांनीच, भीमरावांनी, कव्हर घातलं."

उंदीर. किती सभ्य लोक.

चहा दिला. नंतर कप धुताना दांडी तुटली. धुताना म्हणजे — आपटला.

सोमवार, १७ ऑक्टोबर

दोघं कामावर गेलीत. घरात कुणी नाही म्हणून लिहिते.

उंदीर नव्हता. माझा मुलगा होता. आयुषचा बाप.

धम्मदीक्षेच्या पुढच्या वर्षी. आम्ही ताडीवाला रोडला, रुळांना लागून. हे सकाळी आप्पासाहेबांना मुंबईच्या गाडीत बसवून, स्टेशन शेजारीच म्हणून, पॅकार्ड घेऊनच चहाला घरी आले. इकडे माझ्या कळा सुरू. शेजारच्या मुक्ताईनं आणि ह्यांनी उचलून मला मागच्या सीटवर घातलं. ससून हाकेच्या अंतरावर. पण पोराला घाई. वाटेतच झाला. मुक्ताईनं पदर फाडला, नाळ बांधली. मी तशातही म्हणाले, अहो, सीट खराब झाली. हे म्हणाले, "होऊ दे."

घरी आल्यावर काही दिवसांनी पोराला ऊन दाखवायला रस्त्यावर उभी होते, तर समोरून पॅकार्ड गेली. हे एकटेच चालवत होते. मागची सीट मरून.

मला कळायचं ते कळलं. आमची बाई जिथं बाळंत झाली तिथं त्यांच्या बायका कशा बसतील? उपटून फेकली असणार, जाळली असणार. दीक्षा घेतली तेव्हा वाटलं होतं, ते सगळं संपलं.

संध्याकाळी ह्यांना विचारलं, बदलायला लावली ना त्यांनी सीट? हे म्हणाले, "हं."

एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी टोपी घालून पुन्हा त्यांच्याच दारात. पुढं जन्मभर. मान खाली घालून तीच गाडी पुसत राहिले. मला तोंडात शेण घातल्यासारखं झालं. मी त्यांच्या पांढऱ्या गणवेशाला पुन्हा हात लावला नाही. धुतला नाही, टाका घातला नाही. हे स्वतःच शिवायचे, काळा दोरा पांढऱ्या कापडावर. एक टाका डावीकडे कललेला, पुढचा उजवीकडे, भांडलेल्या जावांसारखे. आणि घरात त्या गाडीचं नाव काढायचं नाही, असं मी बजावलं. ते त्यांनी मरेपर्यंत पाळलं.

मुलगा आता नागपूरला सरकारी साहेब आहे. सांगतो, माझा जन्म ससूनचा. मीच तसं सांगितलंय.

रविवार, ३० ऑक्टोबर

आयुष आजोबांचा गणवेशातला फोटो मागतोय. मोठा करून रॅलीत गाडीपुढं लावायचा म्हणे, खाली नाव — भीमराव, या गाडीचे चालक. सोसायटीतल्या सगळ्यांना आमंत्रण देणार आहे.

म्हटलं, तसला फोटो नाही.

"मी लहानपणी बघितलाय, आजी."

म्हटलं, वाळवी लागली.

फोटो माझ्या ट्रंकेत आहे, लुगड्यांच्या खाली, पालथा.

मग तो शांतपणे म्हणाला, "यमुनाकाकू म्हणत होत्या, तुझे आजोबा इंजिनिअर होते ना. मी काही बोललो नाही. तुला लाज वाटते का आजोबांची?"

चपाती करपली. करपू दिली.

मंगळवार, १ नोव्हेंबर

समोरून फराळ आला. चकल्या मऊ. गाडी चालू झाली नाही.

रविवार, १३ नोव्हेंबर

अमेरिकेचा पंप आला आणि ती चालू झाली. आवाज तोच. मी कणीक मळत होते, हात थांबले. ताडीवाला रोडला तो आवाज आला की पोरं धावायची आणि मी दार लोटून घ्यायचे.

आयुष धावत वर आला. "आजी, चल, चक्कर. तू मागं बस, राणीसारखी."

म्हटलं, गुडघे दुखतात.

"लिफ्ट आहे की."

म्हटलं, गुडघ्यांना लिफ्ट नाही.

चैताली बसली. गच्चीतून बघितलं. खिडकीतून हात बाहेर काढून हसत होती. आल्यावर म्हणाली, "आजी, मानलं. सोफ्यावर बसून तरंगल्यासारखं वाटतं." बिचारीला काय माहीत, कशावर तरंगत होती ते. तिच्या जागी मी बसले असते तर खाली नुसती राखच दिसली असती मला.

फोटोचं त्यानं पुन्हा विचारलं नाही. विचारत नाही तेच जास्त लागतं.

शनिवार, २६ नोव्हेंबर

दार लावून लिहिते.

आज सीट शिवणारा बजरंग आला. मागचं रेक्झिन काढून पुढच्यासारखं चामडं लावायचं ठरलंय. मी कडेला खुर्ची टाकून बसले होते. यमुनाबाईही आल्या, त्यांना आमच्या पार्किंगमध्ये ऊन चांगलं लागतं.

बजरंगनं खालून शिवण उसवली, रेक्झिन सोललं आणि थांबला. "साहेब, खाली ओरिजिनल आहे की!"

आयुष उडालाच. रेक्झिनखाली तेच चामडं. लोण्याच्या रंगाचं, उंदराचा एक दात नाही लागलेला. मधोमध मोठा डाग. तपकिरी, कडेला काळपट.

फेकली नव्हती. जाळली नव्हती. तिथंच होती.

बजरंग रेक्झिन उलटं करून दाखवत होता. "हे काम कारखान्यातलं नाही. कुणीतरी घरी दाभण घेऊन शिवलंय. टाके बघा कसे, एक इकडे, एक तिकडे. हसू येतं."

मी बघितलं. काळा दोरा. भांडलेल्या जावा.

मी उठून वर आले. आयुष हाक मारत होता.

रविवार, २७ नोव्हेंबर

विहारात गेले. वंदनेत लक्ष नव्हतं.

आप्पासाहेब परत यायच्या आत ह्यांनी एकट्यानं ते झाकलं. डाग दिसला असता तर नोकरी गेली असती आणि घरात चार दिवसांचं पोर. उंदराची थापही ह्यांचीच. त्या घरात कधी कुणाला कळलंच नाही. मी ज्यांच्यावर जन्मभर दात खाल्ले त्यांना त्यातलं काही ठाऊकच नव्हतं. कळलं असतं तर काय केलं असतं त्यांनी, ते मी सांगू शकत नाही. चांगलं वागले असते असंही लिहिणार नाही. पण केलं नव्हतं, हे खरं.

मग "हं" का म्हणाले? खरं सांगितलं असतं तर मी विचारलं असतं, लपवलंत? माझं बाळंतपण म्हणजे चोरी होती? त्याला त्यांच्याकडे काय उत्तर असणार. "हं" सोपं होतं. मला राग गिळायला, त्यांना गप्प राहायला.

आणि आज कांदा चिरताना दुसरंच सुचलं. त्या बंगल्यातल्या सगळ्या बायका शालू नेसून, अत्तर लावून, वर्षानुवर्षं त्याच सीटवर बसून लग्नांना गेल्या. माझ्या बाळंतपणावर बसून. आणि हे पुढं टोपी घालून, आरशातून बघत.

हसत असतील का? मला माहीत नाही. मी घरात गाडीचं नाव काढू दिलं नव्हतं. हसले असतील तर एकटेच हसले.

त्यांनी डाग झाकला. मी अख्खा माणूस झाकला.

ट्रंक उघडली. फोटो सुलटा केला. कॉलरचं बटण काळ्या दोऱ्यानं लावलंय, फोटोतसुद्धा दिसतं.

सोमवार, २८ नोव्हेंबर

सकाळी बजरंग कसलंसं औषध घेऊन आला. म्हणाला, चामडं राहील, डाग जाईल, नव्यासारखी होईल सीट. आयुष म्हणाला, कर. यमुनाबाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या.

मी फोटो आयुषच्या हातात दिला. यमुनाबाईंना म्हटलं, बघा, आमचे हे. इंजिनिअर नव्हते. ड्रायव्हर होते, याच गाडीवर.

मग बजरंगला म्हटलं, डाग धुवायचा नाही.

आयुष म्हणाला, "अगं आजी, का? कशाचा आहे तो?"

म्हटलं, "तुझा बाप आहे तो."