शिखर जागचं हललं नव्हतं

प्रिय कमल,

आपला पेपर घेतला गं त्या जर्नलवाल्यांनी! पाकीट फोडलं आणि तुला सांगायला म्हणून तडक आतल्या खोलीकडे वळले. दार ढकलल्यावर आठवलं, तू नाहीस. जित्याची खोड म्हणतात ती हीच.

पण पेपर अजून माझ्या टेबलावरच पडून आहे. तो मी परत पाठवलेला नाही, आणि का नाही हे आधी तुलाच कळायला हवं. पहिलं नाव तुझं आहे ना! त्यावरून किती भांडलो होतो आपण. मी म्हणायची तुझं पहिलं, तू म्हणायचीस माझं. शेवटी तू म्हणालीस, "बरं वं, माझंच टाक. पण बर्डीवर टायपिंगले तू जाय, त्या उन्हात मी नाही जात."

त्यांनी एकच गोष्ट विचारली आहे. 'उन्हाळ्यापासून यंत्राची मोजणी हळूहळू घसरली, ती घसरण धरून आम्ही सगळे आकडे दुरुस्त केले,' असं आपण लिहिलं होतं. ती घसरण यंत्राचीच होती हे बाटल्यांवर तपासा, तशी एक ओळ घाला, म्हणजे छापतो. एवढंच.

बाटल्या! आठवतो का आपला बाटलीराव? पोटॅशियमचं मीठ विरघळवलेल्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आपण माणसाच्या आकारात निजवायचो. आत पोटॅशियम किती आहे ते पक्कं ठाऊक असायचं, म्हणून यंत्र खरं बोलतंय की नाही ते कळायचं. मग मार्चात नळ आटले आणि हॉस्पिटलातल्या आपल्या डिपार्टमेंटनं बाटलीरावाचे हातपाय पळवून, धुऊन, त्यांत पाणी साठवलं. मी अशी भडकले! तुझं आपलं हसणंच थांबेना. "काहून चिडून राहिली वं? मी आहो ना!"

होतीसच तू. दर सोमवारी सकाळी केस धुऊन, धुतलेला पांढरा झगा घालून तू आपल्या लोखंडी खोलीत आडवी व्हायचीस. इंग्रजांच्या काळातल्या पुलाचं ते जुनं लोखंड, बाहेरचे किरण आत येऊ नयेत म्हणून आपण दोघींनी भंगारवाल्यांकडे हिंडून मिळवलेलं. प्रत्येकाच्या स्नायूंत पोटॅशियम असतं, आणि त्यातला किंचितसा भाग मुळातच किरण सोडत असतो; आपलं यंत्र तेच किरण मोजायचं. तुझा आकडा नेहमी जवळपास तोच यायचा, म्हणून तूच आमचं माप झालीस. दुकानदाराच्या तराजूतलं वजन असतं ना, तशी. वजनाला काही होईल असं कुणाच्या मनात येतं?

उन्हाळा लागला आणि तुझा आकडा उतरू लागला. नागपुरात उन्हाळ्यावर काय ढकलता येत नाही? एकुलता एक कूलर, त्याला खसाचा वास जास्त आणि गारवा कमी. तूच म्हणालीस, यंत्र तापलं. तू डबा अर्धा परत न्यायला लागलीस, तेही उन्हामुळेच. दुपारी टेबलावर डोकं टेकायला लागलीस, तेही उन्हामुळेच.

आणि आम्ही सगळ्याजणी तुझं कौतुक करत होतो! "काय खातेस गं, आम्हालाही सांग." हे मीच विचारलं होतं, कमल. तू तुझे दोन ब्लाऊज माझ्यापुढे टाकलेस. "हे आता तुले होतीन. मले ढिले होऊन राहिले." मी आनंदानं घेतले. हिरवा अजून कपाटात आहे, त्याला हात लावायचा धीर होत नाही.

मला स्वतःचा राग कशाचा येतो, सांगू? उष्णतेनं यंत्र बिघडलं असतं तर किरणांच्या आलेखाचं शिखर डावीउजवीकडे सरकलं असतं. हे तर आपण शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो. तुझं शिखर जागचं हललं नव्हतं. ते नुसतं बुटकं होत होतं. भिंतीवर लावलेला तो आलेख येता-जाता दिसत होता, आणि आपण दोघी त्याच्यासमोर उभ्या राहून चहा पीत होतो.

पाऊस आला, खोली गार झाली, तरी आकडा वर चढेना. तेव्हा मी म्हटलं होतं, एकदा बाटल्या भरून बघू या का? तू वैतागलीस. "मशीन म्हातारी झाली वं! लिहून टाक. पेपर लटकीन नाहीतर." मी लिहून टाकलं. तुझ्याशी भांडण्यात मी पटाईत होते, नेमकी तेव्हाच का गप्प बसले?

मग तू जिन्यात चक्कर येऊन पडलीस आणि तुला खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात नेलं. पोटात गाठ. "काही महिने आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. आधी? दर सोमवारी आणत होतो की आम्ही तुला, एक मजला वर! दिवाळी गेली आणि तूही गेलीस.

आता पुन्हा उन्हाळा आहे. तेच ऊन, तोच कूलर. मी सगळ्यांकडून बाटल्या गोळा केल्या, मोजून मीठ घातलं, बाटलीरावाला तुझ्या जागी निजवलं. यंत्र बसवलं तेव्हा जो आकडा मिळाला होता तोच मिळाला. पुन्हा मोजलं, पुन्हा तोच. यंत्र तापलं नव्हतं की म्हातारं झालं नव्हतं. ते तुझ्याबद्दल, तुझ्या झिजत्या स्नायूंबद्दल सांगत होतं गं, आणि आपण दोघींनी बसून त्याचं सांगणं दुरुस्त केलं!

बरं, तुझ्यापुरतंच केलं असंही नाही. तुझ्या घसरणीच्या हिशोबानं आपण सगळ्यांचेच आकडे वर उचलले. त्यांत वॉर्डातून आणलेले आजारी लोक होते. त्यांचं झिजलेलंही आपण कागदावर भरून दिलं.

एक विचारू? तुला कळलं होतं का? बाटल्या भरायला तू इतकी का नको म्हणत होतीस? की तुला खरंच यंत्राबद्दलच वाटत होतं? मी उलटसुलट विचार करते आणि दर वेळी तुझ्यावरच रागावते. मग तुझ्यावर रागावल्याबद्दल रडू येतं.

रविवारी लकडगंजला तुझ्या मायकडे गेले होते. तुझे बाबा लाकूड कापायच्या आरामशीनवरून यायचे होते. मायनं विचारलं, "कमलचा पेपर कधी येते वं बाई?"

मी म्हटलं, "अजून वेळ लागेल. एक चूक राहिली आहे त्यात."

"मंग नीट कर. घाई नको करू. आमी थांबतो."

चूक कोणती ते मला तिच्यापुढे सांगवलं नाही. एक दिवस बोलावं लागेल, हे कळतं मला.

तर कमल, ते मागतात ती ओळ मी लिहिणार नाही. सगळे आकडे मुळात होते तसे ठेवणार, पेपर नव्याने लिहिणार. ते कदाचित घेणार नाहीत, मग दुसरीकडे पाठवीन. निरोगी माणसांच्या तक्त्यातून तुला काढून आजाऱ्यांच्या तक्त्यात ठेवीन. आणि आपल्या त्या वाक्याच्या जागी लिहीन, की यंत्र स्थिर होतं, पहिल्या लेखिकेचं शरीर घटत होतं. तुझं नाव पहिलंच राहील. यावर भांडायचं असेल तर ये!

सोमवारी आता आधी बाटलीराव मोजला जातो, मग मी. आणि तुला वचन देते, या खोलीत यापुढे कुणाचाही आकडा उतरला, तर यंत्राला हात लावण्याआधी मी त्या माणसाजवळ बसेन आणि तुला जे विचारायचं राहिलं तेच विचारीन, "जेवण जातं का गं?"

तुझी,
दुसऱ्या नावाची
सुषमा