टिनाखालची एकतारी

कळंब, सोमवार, १२ जून १९६१

दोन महिने शोधत होतो ती एकतारी आज सापडली. गोठ्यात, पार वर अंधारात, टिनाखाली टांगलेली. आणि टांगणारे दुसरे कोणी नाही, आपले बाबाच!

भोपळ्याऐवजी सागाच्या पट्ट्या जोडून मी केलेली ही पहिलीच. बाबांनी जन्मभर भोपळ्याच्याच केल्या. "जोडाचं लाकूड आपल्या उन्हात टिकत नाही," एवढंच तेव्हा म्हणाले होते. मग एक दिवस ती दुकानातून गायब. मी उगाच गिऱ्हाइकांवर संशय घेत बसलो.

आज संध्याकाळी त्यांनीच ती खाली काढली. सगळा वैशाख त्या तापल्या टिनाखाली! कोणी असं करतं का? मला राग यायला हवा होता. पण माझं सगळं लक्ष सांध्याकडे. बाबांनी सांध्यावरून नख फिरवलं. एकदा, मग परत एकदा. कुठेच अडकलं नाही. तार छेडली, कान लावून ऐकत राहिले.

"काहून लपवली, बाबा?"

"लपवली नाही. उन्हाळा दाखवला तिले. आता एक पावसाळा पाहू दे," म्हणाले, आणि परत टांगायला गेले.

म्हणजे पास की नापास? माझ्यामागे ती टिकेल का, कोण जाणे. पण सांधा उघडला नाही, हे खरं.

आत्ता म्हशीला चारा टाकायला गेलो, तर एकतारीभोवती बाबांचा दुपट्टा गुंडाळलेला. आणि टिन जिथे गळतं, तिथून ती चांगली हातभर बाजूला सरकवलेली.

परीक्षा म्हणे!