निळा ठेवू की पिवळा

१२ नोव्हेंबर, बुध.
सगळं बदललं तो क्षण मला नेमका सांगता येतो. मागचा फेब्रुवारी, गुलमर्ग, दुपारचे दोन वाजून गेलेले. आमच्या ग्रुपमधली रेवती उताराच्या कडेला पाठमोरी बसून स्नोबोर्डचा पट्टा आवळत होती आणि मी वरून आलो. थांबलो नाही. तिच्या मनगटाचा आवाज अजून कानात आहे. चार दिवसांवर तिची इन्स्ट्रक्टरची परीक्षा होती. हुकली. वर्ष गेलं तिचं.
ओरडली नाही. हात छातीशी धरून एवढंच विचारलं, "थांबता येत नव्हतं, की थांबायचं नव्हतं?"
मी म्हटलं, बर्फ कडक होता.
त्याच संध्याकाळी कळलं की हिच्याशिवाय आपलं काही खरं नाही. काय पण मुहूर्त.
नऊ महिन्यांनी आज तिचा मेसेज. 'रविवारी सकाळी खारघर हिलवर असते. बोलायचं असेल तर ये.' रबाळ्याला कारखान्यात फायबरच्या शीटला रेझिन लावत होतो, ग्लव्हजसकट फोन काढला. स्क्रीनवर रेझिन सुकलंय. तिच्या नावावरच. राहू दे.

१६ नोव्हें., रवि.
सहाला पोचलो. ती साडेसहाला, धावत. केस बुटाच्या नाडीने बांधलेले. मनगट फिरवून दाखवलं, "चालतं आता. थंडीत कुरकुर करतं."
जानेवारीत वर गुलमर्गला जातेय. परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी. त्याआधी दहा दिवस नुसतं मजेत फिरायचं म्हणते. सकाळी दाबलेल्या बर्फावरचे रुंद उतार, दुपारी झाडांमधून, कुठे मोकळा भुसभुशीत बर्फ मिळाला तर तिथे. सगळा डोंगर, पण निवांत. शर्यत नाही, उड्या नाहीत.
"मी येऊ?"
हसली. "तुझा बोर्ड भाड्याचा आणि तोरा स्वतःचा. आधी स्वतःचा बोर्ड घे. कुठला घेतोस ते बघते, मग सांगते."
"बोर्डावरून काय कळणार?"
"सगळं कळतं."
उतरताना मी जवळजवळ पळतच होतो. मागून ओरडली, "हळू रे!"

१९ नोव्हें., बुध.
सीवूड्सला कर्णिक काकांकडे. आमच्या स्नोबोर्डच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे सगळ्यात म्हातारे. मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होते. जपानला जहाज लागलं की रजा टाकून डोंगरावर जायचे. आता दोन्ही गुडघे बदललेत. माळ्यावर दोन बोर्ड पडून आहेत म्हणाले, एक तू घे, एक भाच्याला.
"शिकतोस काय?"
"इंजिनिअरिंग सोडलं. तिसऱ्या वर्षाला."
"का?"
"तोंडी परीक्षेत सरांशी वाजलं. जर्नल फेकलं."
"सरांवर?"
"खिडकीतून."
"मग ठीक आहे," म्हणाले आणि चहा ओतला.
दोन्ही बोर्ड एकाच दिशेने जायचे. म्हणजे नाक लांब आणि वर वळलेलं, शेपूट आखूड, पाय बांधायची भोकं मधोमध नाहीत, जरा मागे. भुसभुशीत बर्फात नाक बुडत नाही. मागचं पुढं करून उलटं घसरायचं असेल तर हे कामाचे नाहीत. काका म्हणाले, "तू उलटा जातोस कधी?" मी म्हटलं नाही. "तेच तर. इंटरनेटवर पोरं दोन्ही टोकं सारखी असलेला घेतात आणि जन्मभर एकाच तोंडानं उतरतात."
निळा: १६४ सेंमी, रुंद, कडक. पायाखाली टोकापासून टोकापर्यंत कमान. शेपटीला मधे खाच. बघताक्षणी काळजाला भिडला.
पिवळा: १५६, साध्या रुंदीचा. पायाखाली कमान आहे पण नाकाकडे सैल होत वर जातो. दाबला की वाकतो, फार नाही. रंग उडालेला, कडेला ओरखडे. एखाद्या काकाचा वाटतो. आहेच.
मी निळ्याकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं. "तो झोपेतसुद्धा भांडतो हां. दोन्ही घरी ने. पंधरा दिवसांनी एक परत आण."

२२ नोव्हें., शनि.
कोपरखैरण्याच्या आमच्या एका खोलीत एका माणसाला उभं राहायला जागा नाही, त्यात हे दोघे. आई म्हणते, "उभे कर बाई त्यांना, पाहुण्यांसारखे आडवे पसरलेत."
आबा दुपारी मार्केटातून आले. बाप माझा, तीस वर्षं कांदा-बटाट्याला माथाडी. काय आहे, कशाला आहे, काही विचारलं नाही. दोन बाजूंना दोन उशा ठेवल्या, त्यावर निळा आडवा टाकला आणि अनवाणी मधोमध उभे राहिले. जरा हलले. उतरले. मग पिवळ्यावर तेच. दोनदा.
"ही निळी नको."
"आबा, तुम्हाला काय माहिती यातलं?"
"फळीचं माहिती हाय. ट्रकातनं माल उतरवतो तवा फळी आमीच निवडतो. कडक फळी माणसाला उडवती. लई मऊ आसली तर मधी बसती. पाय टाकल्यावर जराशी खाली जाऊन परत वर आली पायजे, ती फळी. ही पिवळी तशी हाय."
माझं डोकं फिरलं. म्हटलं, "हे कांद्याचं पोतं नाहीये आबा!"
"न्हाय ना," ते म्हणाले. "पोतं पडलं तर पोतं फुटतं."
गुलमर्गचं घरी कुणाला सांगितलेलं नाही. तरी ते असं म्हणाले. मी चपला घालून निघालो, थेट वाशीच्या खाडीपर्यंत. चालतच. परत आलो तर माझं ताट झाकून ठेवलेलं. आबा झोपलेले. पहाटे तीनला उठायचं असतं त्यांना.

२५ नोव्हें., मंगळ.
निळ्याचा फोटो रेवतीला पाठवला. वर मुद्दा टाकला, माझे पाय मोठे, दहा नंबर. अरुंद बोर्ड घेतला तर वळताना बोटं बर्फाला घासणार, म्हणून रुंदच हवा.
उत्तर: 'दहा? तुझे? उंची बघ स्वतःची. टाच भिंतीला लावून कागदावर पाय आख. सेंमी सांग.'
आईला पेन्सिल धरायला लावलं. सत्तावीस. परत आखला. सत्तावीस. दुसरा पाय, पावणेसत्तावीस.
इंटरनेटवर तक्ता बघितला. म्हणजे आठ नंबर.
"आई, माझ्या बुटाचा नंबर कुणी ठरवला?"
"मी. लहानपणापासून एक नंबर मोठाच घेते. वाढता पाय."
"मी बावीस वर्षांचा आहे!"
"मग तू सांगायचंस ना, आता वाढत नाही म्हणून."
काय बोलणार. नंतर माझे मी घ्यायला लागलो तेव्हा सवयीने आणखी एक नंबर वर गेलो असणार. दहावीपासून पुढच्या टोकात कापूस कोंबतो आणि मला वाटायचं सगळेच कोंबतात.
काकांना फोन केला. ते इतके हसले की मधेच खोकला लागला. मग म्हणाले, "गुलमर्गला भाड्याचे बूटही दहाचेच मागितलेस? दोन मोजे घातलेस?" हो. "अरे, मग टाच आत उचलली जात असणार. तू वळायला सांगतोस आणि बोर्डाला ते अर्ध्या सेकंदानं कळतं. बूट घट्ट हवेत. अंगठा पुढे जेमतेम टेकेल एवढे."
अर्धा सेकंद.
म्हणजे तेव्हा... मी थांबायला गेलो होतो आणि बोर्ड उशिरा

त्याच दिवशी, संध्या.
मेसेज पाठवला. 'रेवती, कळलं! चूक बुटांची होती!! दोन नंबर मोठे होते!' चार उद्गारचिन्हं. नंतर मोजली.
दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचलं. उत्तर नाही.

२८ नोव्हें., शुक्र.
तीन दिवस काही नाही. कारखान्यात एक शीट वाकडी कापली. सुपरवायझर म्हणाला, "काय हिरो, लग्न ठरलं का मोडलं?" मी कटर आपटला. मग उचलून ठेवला. आजकाल उचलून ठेवतो, एवढी प्रगती.
खरं काय ते इथे लिहितो, वहीला तरी.
बूट मोठे होते. बर्फ पण कडक होता. पण मी तिच्या दिशेने का गेलो? उतार केवढा रुंद होता. मला तिच्या शेजारी येऊन एकदम आडवं थांबायचं होतं, म्हणजे बर्फाचा फवारा तिच्या अंगावर उडेल आणि ती वळून बघेल. बस. वरून येताना मी फवाऱ्याचाच विचार करत होतो. पहिला आठवडा होता माझा. नीट थांबता येत नव्हतं तेव्हा स्टाइलमध्ये थांबायला गेलो.
तिने विचारलं होतं त्याचं उत्तर हे. थांबायचं होतं, पण दाखवत.

२९ नोव्हें., शनि.
वरचं सगळं जसंच्या तसं टाइप करून पाठवलं. फवाऱ्यासकट. खाली लिहिलं, 'बूट बोललो ते विसर.' कानशिलं तापली होती, पण आज भांडायला कुणी समोर नव्हतं.
फोन आईच्या पिठाच्या डब्यावर ठेवून दिला आणि पिवळा काढला. गादीवर ठेवून मोजे घालून उभा राहिलो, गुडघे वाकवले. मग निळ्यावर. निळा माझ्याखाली वाकतच नाही. मी चौसष्ट किलोचा. काकांना विचारलं तर म्हणाले, "तो ऐंशीच्या वरच्याचा. मीसुद्धा त्यावर दिवसभर कधी टिकलो नाही. जेवणानंतर पिवळाच घ्यायचो." मग आधी का नाही सांगितलं! "तू ऐकलं असतंस?"
आबा जेवत होते. मी ताटाशी बसलो आणि गुलमर्गचं सांगितलं. सगळं. घास थांबला त्यांचा.
"पोरीचा हात बरा हाय का आता?"
"हो."
"उजवा?"
"डावा."
ते पाणी प्याले. मग, "एकदा माझ्या हातनं फळीवर घाई झाली व्हती. गणपा खाली व्हता." एवढं सांगून हात धुवायला उठले. गणपाकाका आमच्या गावी असतात, लंगडतात. मला वाटायचं जन्मापासून.

३० नोव्हें., रवि.
रेवतीचं उत्तर, सकाळी ७.१०: 'फवारा. 🙄'
७.१४: 'मला वाटलंच होतं.'
७.३०: 'आता तरी बोर्ड कुठला?'
मी लगेच टाइप केलं, पिवळा. पाठवायच्या आधी थांबलो. तिला आवडावं म्हणून म्हणतोय का? अर्धा तास स्वतःशी वाद. निळा अजूनही देखणा आहे, खोटं का बोलू. पण मला दिवसभर उतरायचंय, दहा दिवस उतरायचंय, दमल्यावरसुद्धा वळता आलं पाहिजे. चुकलो तर बोर्डाने सांभाळून घ्यायला हवं, निदान पहिली दोन-तीन वर्षं. आणि मोकळ्या बर्फात ते लांब नाक आपोआप वर राहतं, मागचा पाय दाबून मांडी मोडायची गरज नाही. ती नाही म्हणाली तरी मी हाच घेईन का?
हो.
मग पाठवलं. कारणांसकट. लांबलचक झालं.
ती: 'निबंध छान.'
एवढंच. 'हो' पण नाही, 'नाही' पण नाही.

३ डिसें., बुध.
निळा काकांकडे पोचवला. त्यांनी पिवळ्याची जागा रिकामी बघितली आणि पायाची पकड किती कोनात बसवायची ते कागदावर काढून दिलं. पुढचा पाय जास्त तिरका, मागचा थोडाच. "मुलगी आहे ना यात?" "आहे." "मग मेण लाव नीट. बोर्डाला म्हणतोय."

२१ डिसें., रवि.
आईने जुनी इस्त्री दिली, मेण वितळवून लावलं. घरभर देवळासारखा वास. आई म्हणाली, कपड्यांना लागलं तर तुझं हे काश्मीर इथेच करीन.
रेवतीचा ११ सेकंदांचा आवाजी मेसेज. "बूट तिथे घेताना सत्तावीसच माग, मोजा एकच घाल, आणि लाजू नकोस, घालून बघ, चालून बघ." सहा वेळा ऐकला. यात 'तिथे' आहे. म्हणजे मी तिथे असणार असं ती धरून चाललीय? की सहज आलं तोंडात? सातव्यांदा ऐकला.

२ जाने., शुक्र.
स्पष्ट विचारलं शेवटी. कारखान्याच्या गेटवरून फोन केला, मागे ट्रकचा हॉर्न.
"मी तुझ्याबरोबर उतरू की नको?"
"माहीत नाही."
"बोर्ड बघून सांगणार होतीस."
"बोर्ड चांगला निवडलास. मनगटाला अजून पटत नाहीये." मग म्हणाली, "हे बघ, सात तारखेला सकाळी नऊ वाजता मी लिफ्टपाशी आहे. एक फेरी खालच्या उतारावर. मी मागे राहीन, तू पुढे. तुझी वळणं बघेन. मग ठरवीन."
"तू मागे?"
"परत पुढे बसेन असं वाटलं तुला?"
दोघंही हसलो. पहिल्यांदा हसलो त्यावर.
सुपरवायझरने रजा दिली. पंधरा दिवस, बिनपगारी. "हनिमूनला एकटाच जातोस का रे?" कटर नाही आपटला.

४ जाने., रवि.
जम्मूची गाडी आज. सॅक भरली. बोर्डला पिशवी नव्हती, चादरीत गुंडाळणार होतो. सकाळी उठलो तर आबा दारात बसलेले, मांडीवर तागाची दोन नवी पोती, हातात दाभण आणि सुतळी. रात्रीच मार्केटातून आणली होती. पिवळ्याच्या मापाची लांब पिशवी शिवली, आतून जुनी सतरंजी, टोकांना दुहेरी टाका. रविवारची सुट्टी, तरी तीनला उठले होते.
"पाठीवर घे बघू." घेतली. पट्टा खेचून वर केला त्यांनी. "वझं खाली लोंबू द्यायचं न्हाय. खांद्याच्या मधी बसलं की जड लागत न्हाय." मग माझ्या दंडावर नुसता हात ठेवला. आमच्याकडे याला मिठी म्हणतात.
ती नाही म्हणाली तर? विचार केलाय. तर खालच्या उतारावर मी एकटा दहा दिवस वळणं काढेन, डावं, उजवं, डावं, थांबा. तिच्या वाटेपासून लांब राहीन. पण मला नाही वाटत ती नाही म्हणेल. म्हणजे म्हणू शकते. कालपासून शिट्टी वाजवतोय, आई दोनदा ओरडली.
वही इथेच ठेवतो, सॅकमध्ये जागा नाही. आबा खाली रिक्षा थांबवायला गेलेत, हाका मारतायत. आई देवापाशी. डबा घेतला. बोर्ड पाठीवर घेतला, दारातून आडवा जात नाही, तिरकं व्हावं लागतंय.
झालो तिरका. आता दार ओढून घेतो.