आईचं वेगळं ठेवलेलं मत

आई, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तोवर तुला नगरसेवक निवडायला मिळालाच नाही. तिथली पालिका सरकारच नेमायचं. बाबा रिटायर झाले, आपण मुनिरक्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो आणि पहिल्याच निवडणुकीला तू इस्त्रीची साडी नेसून निघालीस. नळाला पाणी येत नाही ते विचारायला आपला असा एक माणूस हवा, म्हणत होतीस. दिल्लीत त्या दिवशी सुट्टी होती, पण माझं नवं ऑफिस गुडगावला, म्हणजे हरियाणात. तुला मतदान केंद्राच्या शाळेत सोडून पुढे जायचं ठरलं होतं, गाडीत माझी एक मैत्रीणही होती.

टेबलामागचा अधिकारी म्हणतो, "माताजी, आपका वोट तो पड़ चुका है." तू शाई नसलेलं बोट त्याच्यासमोर धरतेस. "मैं तो नहीं डाली, फिर कौन डाला?" तो सांगतो की वेगळी मतपत्रिका मिळेल, पण ती पाकिटात बंद राहील. कोर्टाने मागितली तरच उघडायची, एरवी मोजणार नाहीत. रांग खोळंबलेली. मैत्रीण दारातून डोकावत असते. मी तुझा दंड धरते. "आई, चल ना यार, मोजणारच नाहीत तर कशाला?"

"नको मोजू देत," तू म्हणालीस. "मी आले होते एवढं तरी राहील. तू जा."

आणि मी गेले. तुझं मोडकं हिंदी, मागे हसणारी माणसं, सगळं तिथेच टाकून गेले. शिक्का मारून, पाकीट बंद होताना पाहून तू उन्हातून एकटी चालत घरी आलीस, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं. संध्याकाळी तू विचारलंस, "माझी लाज वाटली का गं तुला?" मी म्हटलं, "छे, मीटिंग होती." तू बरं म्हणालीस आणि कुकर लावायला उठलीस. मीटिंग दुपारनंतर होती, आई.

तुला जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता गुरुग्राममध्येच राहते, सोळाव्या मजल्यावर. आमच्याकडे पाणी टँकरने येतं, सोसायटी सगळं बघते, नगरसेवक कोण हे मला ठाऊक नाही. मागच्या रविवारी इथलं मतदान झालं. लेक पहिल्यांदाच मत देऊन आली आणि म्हणाली, "मम्मा, तू?" रांग फार होती, परत आले, असं मी तिला सांगितलं.

मी लिफ्टपर्यंतही गेले नव्हते.